ॲक्सोलॉटलची पिल्लं वाढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲक्सोलॉटलबद्दल मला येणारे बहुतेक प्रश्न पिल्लांचेच असतात. मोठा ॲक्सोलॉटल बरंच सोसतो. दोन ते दहा सेंटिमीटरचं पिल्लू मात्र एका गरम दुपारीत किंवा पाणी बदलायला झालेल्या एका दिवसाच्या उशिरात जातं. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी अजून पिल्लू घेतलेलं नाही त्यांनी प्रश्न २, ३ आणि ४ आधी वाचावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

१. ॲक्सोलॉटल म्हणजे नक्की काय? मासा, पाल की बेडूक?

उभयचर. म्हणजे नातं बेडकाशी, पण हा सॅलॅमँडर गटातला. शास्त्रीय नाव अँबिस्टोमा मेक्सिकॅनम. बाकीचे बहुतेक सॅलॅमँडर मोठे होताना कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा सहसा येत नाही. डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले आणि शेपटीचा पडदा तसाच ठेवून पाण्यातच वयात येतो आणि पाण्यातच अंडी घालतो. पूर्ण वाढ २० ते ३० सेंमी, आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. घेताना हा काळ डोक्यात असू द्या.

आज उरलेलं मूळ घर मुख्यतः एकच : मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडचे सोचिमिल्कोचे कालवे. तिथे १९९८ साली एका चौरस किलोमीटरला सुमारे ६००० प्राणी होते, २०१४ च्या मोजणीत ३६ उरले. शहराचं सांडपाणी आणि माणसांनी सोडलेले कार्प व तिलापिया (आपली चिलापी) ही त्यामागची मुख्य कारणं. आपल्या टाक्यांतले बरेचसे प्राणी १८६४ साली पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांच्या वंशातून आले आहेत, आणि दीडशे वर्षांत त्यांच्यात बरीच सरमिसळ झाली आहे. त्यामुळे घरी पिल्लं वाढवल्याने जंगलातला ॲक्सोलॉटल वाचतो, असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. ते काम सोचिमिल्कोच्या पाण्यातच करावं लागतं.

२. भारतात पाळणं कायदेशीर आहे का? दुकानदार म्हणाला, काही लागत नाही.

लागतं. ॲक्सोलॉटल साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा साइट्समधल्या प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी कशी करायची याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. ही नोंदणी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. प्राणी ताब्यात आला की तो नोंदवायचा. पुढे पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. विकत घेताना पावती आणि विकणाऱ्याच्या नोंदणीची प्रत मागा. ती द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथून घेऊ नका.

३. मेक्सिको तर गरम देश आहे. मग यांना एवढं थंड पाणी कशाला?

सर्वांत जास्त पिल्लं याच गैरसमजाने मरतात. सोचिमिल्को आणि मुंबई दोन्ही साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, त्यामुळे नकाशा पाहून कोणालाही वाटेल की हवामान सारखंच असणार. पण सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागेच्याही जवळजवळ ६०० मीटर वर या प्राण्याचं घर. तिथलं पाणी वर्षभर गारच असतं.

१६ ते १८ अंश सेल्सियस हे पाण्याचं सर्वांत चांगलं तापमान. २० पर्यंत चालतं. २२ च्या पुढे ताण सुरू होतो : भूक कमी होते, कल्ल्यांची टोकं पुढे वळतात, बुरशी लवकर धरते. २४ च्या वर काही दिवस राहिलं तर जीव धोक्यात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, प्राण्याची गरज मात्र वाढते, आणि अमोनियाचा विषारी भागही वाढतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात आणि लहान शरीरात त्या सोसायची ताकद नसते.

४. चिलर (टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) परवडत नाही. पंखा किंवा बर्फावर भागेल का?

गाव आणि महिना सांगा, मग उत्तर देता येतं.

टाकीच्या पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी साधारण २ ते ४ अंशांनी उतरतं. हवा जितकी कोरडी तितका परिणाम जास्त. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा पुण्यात पंख्यावर छान निभावतं. मुंबई, रत्नागिरी, पणजीत दमट हवेमुळे पंखा फारसं काही करत नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते खरी, पण ४४ अंशांच्या उन्हात ओलं कापड आणि पंखा मिळूनही पाणी पंचविशीच्या खाली नेणं कठीण. तिथे उन्हाळ्यात चिलरला पर्याय नाही.

एसी दिवसरात्र २२-२३ वर चालणारी खोली असेल, तर एसी आणि पंखा मिळून पाणी विशीच्या आसपास ठेवता येतं. गोठवलेल्या बाटल्या आणीबाणीसाठी आहेत, रोजच्या व्यवस्थेसाठी नाहीत. सकाळी मोठी बाटली टाकली की पाणी १७ वर जातं आणि संध्याकाळपर्यंत २५ वर येतं. हा रोजचा झोका स्थिर २१ अंशांपेक्षा वाईट. बाटल्याच वापरायच्या असतील तर छोट्या घ्या, आलटून पालटून ठेवा आणि पाण्यात थर्मामीटर कायम असू द्या.

माझं स्पष्ट मत : कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात चिलरचे पैसे आधी बाजूला काढा, प्राणी नंतर. चिलर प्राण्यापेक्षा कितीतरी महाग असतो आणि नेमकं तिथेच लोक थांबतात.

५. किती मोठं पिल्लू घ्यावं? दोन इंची स्वस्त मिळतंय.

पहिल्यांदा पाळत असाल तर ८ सेंमीपेक्षा लहान घेऊ नका, १० सेंमीचं मिळालं तर उत्तम. ५ सेंमीचं पिल्लू अजून जिवंत खाण्यावर असतं, भावंडांनी पाय चावलेले असू शकतात आणि प्रवासात त्याला पटकन गरम होतं.

घेण्याआधी त्याला समोर खाताना पाहा. कल्ले भरलेले, पोट डोक्याच्या रुंदीइतकं, चारही पाय असलेले (एखादा अर्धवट वाढणारा पाय असला तरी हरकत नाही, प्रश्न १६ पाहा). शरीर डोक्यापेक्षा खूप बारीक असेल तर ते उपाशी आहे. प्रवास थर्माकोलच्या डब्यात, बाजूला कापडात गुंडाळलेली बर्फाची पिशवी ठेवून, आणि शक्यतो रात्री. घरी आल्यावर पिशवी टाकीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवा, थोडं थोडं नवं पाणी आत घाला आणि मग फक्त प्राणी सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

६. लहान पिल्लाला थेट टाकीत सोडायचं की टबमध्ये ठेवायचं?

६-७ सेंमीपर्यंत टबच. कारण सोपं आहे : मोठ्या टाकीत इवल्या पिल्लाला खाणं सापडत नाही, तुम्हाला पिल्लू सापडत नाही आणि उरलेलं खाणं कोपऱ्यात कुजतं. खाण्याचे पदार्थ ठेवायचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे चालतात. साबणाने कधीही न धुतलेले घ्या. २ सेंमीपर्यंतची पिल्लं लिटरला चार-पाचपेक्षा जास्त नकोत. त्यानंतर प्रत्येकाला वेगळा डबा, निदान अर्धा ते एक लिटर पाण्याचा. ५ सेंमीच्या पुढे तीन-चार लिटर.

टबमध्ये फिल्टर नसतो, म्हणून पाणी रोज पूर्ण बदलायचं. पूर्ण म्हणजे शंभर टक्के. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. त्यासाठी एक बादली आदल्या रात्रीच तयार करून त्याच खोलीत ठेवावी. एकेक लिटरच्या डब्यात पन्नास पिल्लं म्हणजे रोज पन्नास लिटर पाणी. जिथे टँकर येतो त्या गावात हा हिशोब आधी करा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना ते मानवतं.

७. पाणी कोणतं वापरू : नळाचं, बोअरचं की आरओचं?

नुसतं आरओचं नको. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ॲक्सोलॉटलला थोडं जड पाणी लागतं. सामू (पीएच) ७.४ ते ७.६ उत्तम, ६.५ ते ८ पर्यंत निभावतं.

मुंबईचं नळाचं पाणी धरणांतून येतं आणि मऊ असतं. कल्ले बारीक वाटत असतील तर फिल्टरमध्ये स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याची छोटी पुरचुंडी ठेवा, कडकपणा हळूहळू वाढतो. बोअरचं पाणी जड असल्याने बहुधा मानवतं, पण शेतीच्या भागात त्यात नायट्रेट आधीच जास्त असू शकतं. एकदा तपासून घ्या.

क्लोरीनकडे विशेष लक्ष हवं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटिक्लोरीनने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, लगेच निघतं. पण सोसायटीची टाकी धुतल्यावर किंवा पावसाळ्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते तेव्हा क्लोरीन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि नेहमीचे थेंब कमी पडतात. पाण्याला ब्लीचिंगचा वास आला तर त्या दिवशी ते पाणी वापरू नका. दोन दिवसांचं तयार पाणी नेहमी साठवून ठेवलेलं असावं.

८. ‘टाकी सायकल करा’ असं सगळे म्हणतात. म्हणजे काय?

ॲक्सोलॉटलच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं कमी प्रमाणात सोसतं. हे जिवाणू जमायला चार ते आठ आठवडे लागतात. ते जमेपर्यंत प्राणी टाकीत सोडायचा नाही. या काळात बाटलीतलं शुद्ध अमोनियाचं द्रावण थोडं थोडं घालून जिवाणूंना खाणं द्यायचं.

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखांत २० भाग) आसपास, असे आकडे आठवडाभर दिसले की टाकी तयार. थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर विसंबू नका. एक युक्ती : चिलर लावण्याआधी, खोलीच्या तापमानाला सायकल करा. थंडीत हे जिवाणू फार हळू वाढतात. एकदा वसाहत बसली की तापमान हळूहळू खाली आणा.

एका मोठ्या प्राण्याला किमान ७५ लिटर, शक्यतो ११० लिटरची टाकी लागते. उंचीपेक्षा तळाची लांबी महत्त्वाची. स्पंज फिल्टर सर्वांत चांगला, कारण प्रवाह मंद राहतो. जोराच्या प्रवाहात हा प्राणी कायम ताणात असतो.

९. तळाला रंगीत खडे, वर एलईडी. चालेल?

खडे नाहीच. ॲक्सोलॉटल तोंड उघडून खाणं आत ओढतो आणि त्याच्याबरोबर खडाही जातो. आतडं तुंबतं आणि प्राणी मरतो. १२-१५ सेंमीपर्यंत तळ मोकळा ठेवा, नंतर अगदी बारीक वाळू चालेल. त्याला पापण्या नसतात, म्हणून दिवा मंद हवा आणि लपायला जागा हवी. प्लास्टिकच्या पाइपचा गुळगुळीत घासलेला तुकडा पुरतो. जावा मॉस, अनुबियास, जावा फर्न थंड पाण्यातही टिकतात.

रस्त्याकडेच्या बदामाच्या झाडाची गळून वाळलेली पानं धुऊन टाकली तर चालतात. त्यांच्यातला टॅनिन बुरशीला थोडा आळा घालतो. फवारणी झालेल्या बागेतली पानं मात्र घेऊ नका.

१०. सकाळी पाहिलं तर टाकीभर अंडी! आता काय करू?

एका वेळी १०० ते १००० पर्यंत अंडी येतात. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा : किती पिल्लांना रोज दोनदा खाणं आणि रोज नवं पाणी देता येईल? आणि सहा महिन्यांनी ती कुठे जाणार? घरच्या घरी दहा ते वीस पिल्लं हा माझ्या मते प्रामाणिक आकडा आहे.

बाकीची अंडी पहिल्या दोन-तीन दिवसांतच गोठवावीत. त्या अवस्थेत गर्भाची मज्जासंस्था तयार झालेली नसते. हे ऐकायला कठोर वाटतं, मला कल्पना आहे. पण शेकडो पिल्लं उपाशी मरू देणं किंवा एकमेकांना खाऊ देणं याहून कठोर आहे. अंड्यात हालचाल दिसू लागली की गोठवण्याची वेळ गेली.

ठेवायची अंडी रोपासकट वेगळ्या डब्यात घ्या, नाहीतर आईबाप खातात. पांढरी पडलेली, केसाळ दिसणारी अंडी रोज काढा. २० अंशांना साधारण दोन आठवड्यांत आणि १६ अंशांना तीन आठवड्यांच्या आसपास पिल्लं बाहेर येतात.

११. पिल्लं बाहेर आली. पहिल्या दिवशी काय घालू?

काहीच नाही. पिल्लू जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं, पोटात पिवळा बलक असतो आणि पहिले दोन-तीन दिवस ते त्याच्यावरच राहतं. पोट पारदर्शक दिसायला लागलं आणि पिल्लू समोरून जाणाऱ्या कणावर झडप घालू लागलं की खाणं सुरू करा.

या वयात ते फक्त हलणारी वस्तूच खातं. उकडलेल्या अंड्याचा बलक, माशांची पावडर, भिजवलेले दाणे यांचा उपयोग शून्य. त्याने फक्त पाणी नासतं. नुकते फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव) किंवा छोटे डॅफ्निया (गोड्या पाण्यातले पिसवांएवढे जीव), दिवसातून दोनदा. मायक्रोवर्म (अगदी बारीक कृमी) चालतात, पण त्यांच्यात पोषण कमी, म्हणून एखाद्या वेळेपुरतेच. खाल्ल्यावर पोट नारिंगी दिसतं, ती खूण. दोन तासांनी उरलेलं ड्रॉपरने काढा.

१२. आर्टेमिया घरी कसे काढायचे? माझे फुटतच नाहीत.

एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, खालून हवेची नळी आणि वरून दिवा. पाणी २६ ते २८ अंश असेल तर चोवीस तासांत फुटतात. उन्हाळ्यात आपल्याकडे हे आपोआप जमतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत दिवा जवळ ठेवावा लागतो, आणि ‘फुटत नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा डिसेंबरातच येते. दुसरं कारण ओलावा. डबा उघडला की झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा.

फुटल्यावर हवा बंद करा. टरफलं वर येतात, जिवंत आर्टेमिया खाली उजेडाकडे जमतात. खालचे नळीने ओढा, दाट विणीच्या सुती कापडातून गाळा आणि गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, त्यामुळे ती वेगळी करण्यात घाई नको. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतात, म्हणून एकदम ओतू नका. दोन वेळचे देता यावेत म्हणून दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावा.

१३. आर्टेमियानंतर काय? आणि गांडूळ कधी सुरू करू?

पुढचे पाय फुटले, लांबी २ सेंमीच्या पुढे गेली की मोठे डॅफ्निया आणि बारीक चिरलेले ब्लॅकवर्म (पाण्यातले बारीक गांडुळासारखे किडे). ४-५ सेंमीला गोठवलेले ब्लडवर्म (एका माशीसारख्या कीटकाच्या लाल अळ्या), चिमट्याने समोर हलवून. इथे पिल्लू पहिल्यांदा न हलणारं खाणं घ्यायला शिकतं, वास ओळखू लागतं. काही पिल्लं लगेच शिकतात, काहींना दोन आठवडे लागतात. तोवर आर्टेमिया बंद करू नका.

६-७ सेंमीपासून गांडूळ, आणि आयुष्यभराचं मुख्य खाणं तेच. डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड तुकडा देऊ नका. गांडूळखतातलं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, कडवट पिवळा स्राव सोडतं, त्यामुळे पुष्कळ ॲक्सोलॉटल ते थुंकून टाकतात. ‘माझा गांडूळ खात नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी जात बदलून पाहावी. आपल्याकडे खतासाठी वापरलं जाणारं दुसरं, आफ्रिकन गांडूळ, युड्रिलस युजेनी, हे त्यांना आवडतं. खतवाल्या शेतकऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणल्यावर ओल्या मातीत एक-दोन दिवस ठेवून, धुऊन मगच द्या. शेतातून खणून आणू नका, कीटकनाशकाची खात्री नसते.

बुडणारे, प्रथिनं ४० टक्क्यांहून जास्त असलेले मऊ दाणे जोडीला चालतात. १५ सेंमीपर्यंत रोज खाणं, पुढे दोन-तीन दिवसांतून एकदा.

१४. डासांच्या अळ्या आणि ट्युबिफेक्स फुकट-स्वस्त मिळतात. देऊ का?

डासांच्या अळ्या ॲक्सोलॉटल आनंदाने खातो, पण घरात पाणी साठवून त्या तयार करणं म्हणजे शेजाऱ्यांना डेंगीची भेट. महापालिका दंड करते आणि तो योग्यच आहे. गटारातून किंवा डबक्यातून आणल्या तर त्यावर टेमिफॉससारखं अळीनाशक फवारलेलं असू शकतं.

दुकानातले जिवंत ट्युबिफेक्स (चिखलात वाढणारे लाल बारीक किडे) बहुतेक सांडपाण्यातून गोळा केलेले असतात. पिल्लांना मी ते कधीच सुचवत नाही.

१५. पिल्लं एकमेकांचे पाय खातायत! कसं थांबवू?

वेगळं करून. दुसरा उपाय नाही. पुढचे पाय येण्याच्या सुमारापासून ५-६ सेंमीपर्यंत समोर हललेलं काहीही त्यांना खाणं वाटतं. भरपेट खाऊ घातल्याने प्रमाण घटतं, पण संपत नाही. वेगळे डबे शक्यच नसतील तर निदान लांबीनुसार गट करा आणि दर तीन दिवसांनी पुन्हा निवडा. एक पिल्लू बाकीच्यांपेक्षा झपाट्याने वाढताना दिसलं तर ते काय खातंय याचा विचार लगेच करा. १० सेंमीनंतर समान आकाराचे दोन एकत्र ठेवता येतात.

१६. पाय तुटला. परत येईल का? औषध लावू?

येईल. हाडं, स्नायू, नसा, बोटं यांसकट. पिल्लांमध्ये महिना-दीड महिन्यात नवा पाय आकार घेतो, मोठ्यांमध्ये जास्त वेळ लागतो. कल्ले आणि शेपटीचं टोकही परत येतं. याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत हा प्राणी आहे आणि २०१८ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला : सुमारे ३२ अब्ज अक्षरं, माणसाच्या दहापट.

करायचं एवढंच : वेगळा डबा, १६-१८ अंशांचं पाणी, रोज बदल, नेहमीसारखं खाणं. हळद, मलम, आयोडीन काहीही लावू नका. या प्राण्याची त्वचा पाण्यातलं बरंच काही शोषते. मात्र डोक्यावर किंवा पोटावर खोल चावा असेल तर ते वाचणं कठीण असतं.

१७. तीन दिवस झाले, खात नाही.

आधी थर्मामीटर, मग टेस्ट किट. दोन्ही ठीक असतील तर तुकडा मोठा आहे का पाहा आणि एक वेळ जिवंत खाणं देऊन बघा. नव्या घरी आलेलं पिल्लू पहिले एक-दोन दिवस रुसतं. मोठा प्राणी दोन आठवडे उपाशी राहू शकतो, पण ३ सेंमीच्या पिल्लाला दोन दिवसही खूप. त्यामुळे पिल्लाच्या बाबतीत ‘खाईल उद्या’ म्हणून थांबू नका.

१८. पिल्लू वर तरंगतंय. मेलं का?

बहुतेक वेळा खाताना हवा गिळलेली असते. पाणी कमी करा, इतकं की पाय तळाला टेकतील, आणि एक वेळचं खाणं चुकवा. एका दिवसात उतरतं. पोट फुगलेलं, विष्ठा बंद आणि प्राणी उलटा पडत असेल तर तो तुंबण्याचा किंवा संसर्गाचा प्रकार आहे. अशा वेळी उभयचर पाहणारा पशुवैद्य गाठा. असा डॉक्टर आपल्या शहरात कोण आहे हे पिल्लू घेण्याआधी शोधून ठेवा.

१९. कल्ल्यावर पांढरा कापूस आलाय. माशांचं औषध घालू?

ती पाण्यातली बुरशी. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असतं आणि दोन्ही उभयचरांना घातक. ८-१० सेंमीच्या वरच्या प्राण्याला मिठाचं पाणी चालतं : एक लिटर थंड पाण्यात दोन ते तीन छोटे चमचे बिनआयोडीन, दुसरं काही न मिसळलेलं मीठ, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. घड्याळ लावून. त्याहून लहान पिल्लाला मीठ नको. त्याला फक्त रोजचं स्वच्छ गार पाणी आणि बदामाचं पान (प्रश्न ९). बुरशी आली म्हणजे पाण्यात काहीतरी बिघडलेलं आहे, ते शोधलं नाही तर ती परत येते.

२०. आमच्याकडे वीज जाते. चार-पाच तास चिलर बंद. काय करू?

टाकीच्या तीन बाजूंना आणि वर थर्माकोल लावा, ११० लिटर पाणी त्यामुळे बराच वेळ गार राहतं. हवेसाठी बॅटरीवरचा एअरपंप ठेवा. फिल्टरमधले जिवाणूही प्राणवायूवर जगतात. फ्रीजरमध्ये दोन-तीन बाटल्या कायम गोठलेल्या असाव्यात.

पिल्लांचे डबे लहान, म्हणून ते झपाट्याने तापतात. सगळे डबे थर्माकोलच्या एका मोठ्या खोक्यात ठेवा, तळाला दोन बोटं पाणी आणि त्यात एक गोठलेली बाटली. उन्हाळ्यात मी तर पिल्लांना रोजच अशा खोक्यात ठेवायला सांगते.

२१. पावसाळ्यात टाकीच्या काचेतून पाणी गळतंय असं वाटतं. टाकी फुटली?

नाही. काचेच्या आत १७ अंश, बाहेर कोकणातली जुलैची हवा. हवेतलं बाष्प काचेवर जमतं. टाकीखालचं लाकूड मात्र फुगून खरंच धोका होऊ शकतो, म्हणून लोखंडी स्टँड घ्या, मागे-बाजूला थर्माकोल चिकटवा आणि विजेचे सॉकेट टाकीच्या खाली ठेवू नका. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोका घेऊन वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

२२. सोबत गप्पी किंवा गोल्डफिश ठेवले तर शोभा येईल ना?

मासे कल्ले टोचतात, ॲक्सोलॉटल मासे गिळतो आणि दोघांना लागणारं तापमान वेगळं. नको.

२३. पांढरा, सोनेरी, काळा : कोणता रंग जास्त नाजूक?

देखभालीत फरक नाही. फक्त लाल-गुलाबी डोळ्यांच्या अल्बिनोला उजेड जास्त खुपतो. हा अल्बिनो गुण १९६२ साली टायगर सॅलॅमँडरशी केलेल्या संकरातून या जातीत आला.

२४. नर-मादी कधी कळतं? तोवर भावंडं एकत्र ठेवली तर?

साधारण १८ सेंमीला, वर्षभराच्या आसपास. मागच्या पायांमागे नराला ठळक फुगवटा दिसतो. पण काही प्राणी सात-आठ महिन्यांतच वयात येतात, त्यामुळे सहाव्या महिन्यापासून लक्ष ठेवा आणि शंका आली की वेगळे करा. भावंडांची पिल्लं होऊ देऊ नयेत. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला नराजवळ नेऊ नका. वारंवार अंडी घालून मादी खंगते, दोन वेळांमध्ये निदान सहा महिने हवेत.

२५. कल्ले आखडतायत, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतायत. जमिनीवर येणार का?

नुसते कल्ले आखडले असतील तर कारण बहुधा पाणी (प्रश्न ३, ७ आणि ८). पण त्याचबरोबर शेपटीचा पडदा नाहीसा होतोय, पापण्या दिसू लागल्यात आणि प्राणी सारखा पृष्ठभागाकडे येतोय, तर ते रूपांतर असू शकतं. फार क्वचित होतं. पाणी उथळ करा, एका बाजूला पाण्याबाहेरची ओलसर जागा द्या, नाहीतर बुडून मरेल. डॉक्टरांना दाखवा. मुद्दाम आयोडीन किंवा थायरॉइडचं औषध देऊन हे घडवून आणू नका. त्यात बरेच प्राणी मरतात, उरतात त्यांचं आयुष्य कमी होतं.

२६. आता सांभाळणं होत नाही. महाबळेश्वरला थंड असतं, तिथल्या तळ्यात सोडू का?

कृपा करून नाही. कुठल्याच तळ्यात, विहिरीत, ओढ्यात नाही. उभयचरांना मारणारी काइट्रिड बुरशी ॲक्सोलॉटलच्या त्वचेवर लक्षणं न दाखवता राहू शकते. पश्चिम घाटातल्या बेडकांत ती आधीच आढळली आहे, आणि घाटातले अनेक बेडूक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. याच कारणाने टाकीचं पाणीही ओढ्यात ओतू नका. कुंडीत किंवा शौचालयात टाका. जाळी आणि नळ्या पूर्ण वाळवा.

प्राणी द्यायचा असेल तर ज्याच्याकडे थंड पाण्याची तयार टाकी आहे त्यालाच द्या, आधी त्या पाण्याचं तापमान विचारा आणि हस्तांतराची नोंद पोर्टलवर करा (प्रश्न २). नवा सांभाळणारा मिळायला दोन-तीन महिने लागू शकतात. तोवर खाणं, पाणी आणि चिलर चालूच ठेवावा लागेल.